पट्टीवर आलंय

माझं लिखाण भाईंदर पश्चिमेत घरोघर वाचलं गेलं आहे आणि वाचणाऱ्यांपैकी एकालाही माझं नाव माहीत नाही. हा विनय नव्हे. मी केबलवरची पट्टी लिहायचो. दुपारचा सिनेमा चालू असताना पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडे जी अक्षरं सरकत जातात, ती पट्टी. 'शुक्रवारी पाणी येणार नाही.' 'श्रीमती अमुक यांचे दुःखद निधन.' 'साड्यांचा भव्य सेल.' पुन्हा 'शुक्रवारी पाणी येणार नाही.' एखाद्या लेखकाचं पुस्तक लोकांनी इतक्या वेळा वाचलं असतं तर त्याचे सत्कार झाले असते. माझ्या वाचकांची माझ्याबद्दल एकच भावना होती, की मी सिनेमाच्या मध्ये येतो.

सुमनची, म्हणजे माझ्या पत्नीची, तक्रार जरा नेमकी होती. "अहो, तुमच्या त्या पट्टीमुळे हिरॉइनच्या साडीचा काठ दिसत नाही," ती म्हणायची. "बातमी काय, कुठेही मिळेल. काठ एकदा गेला की गेला."

सुमन जाऊन आता वर्ष होऊन गेलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे तिचं बोलणं मध्ये मध्ये येईल आणि वाचकाला वाटेल की ती आत स्वयंपाकघरात आहे. मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी नोकरी गेली, आणि मग छापखानाच गेला. भाईंदरला घर घेतलं तेव्हा हातात वेळ होता आणि डोळ्यांना चुका शोधायची खोड होती. कीर्तीभाईंना अशा माणसाची गरज आहे असं कुणीतरी सांगितलं. कीर्तीभाई म्हणजे आमच्या भागातल्या केबलचे मालक. त्यांचं ऑफिस त्यांच्याच भावाच्या फरसाणाच्या दुकानावर होतं. आत यंत्रांची चळत, गच्चीतल्या छत्र्यांकडून येणाऱ्या वायरींचा गुंता आणि एक एसी. एसी यंत्रांसाठी होता, माणसांना तो चुकून लागायचा. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. त्यात मी ओळ लिहायची, बटण दाबायचं, की ती सगळ्या भाईंदर पश्चिमेत फिरायला लागायची, आणि मी काढेपर्यंत फिरतच राहायची.

काम सोपं वाटतं, पण पट्टीचा वाचक फार कठीण. तो वाचायला आलेलाच नसतो. तो ओळ मधूनच पकडतो, शेपटाकडून वाचतो आणि भांडायला मात्र पहिल्यापासून येतो. म्हणून ओळ कुठूनही पकडली तरी कळली पाहिजे, हा माझा एक नियम. दुसरा नियम फोनवरचा. कुणीही बातमी सांगायला फोन केला की मी विचारायचो, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

"मी नाही, पण आमच्या बाजूवाल्यांनी पाहिलं."

"मग त्यांना फोन द्या."

"ते गावाला गेलेत."

"मग त्यांनी पाहिलं कधी?"

यावर बहुतेक लोक फोन ठेवायचे. काहीजण 'तुम्ही पोलिसात होता का' असंही विचारायचे. परिणाम असा, की आमच्या पट्टीवर बातम्या थोड्या येत आणि शिळ्या येत, पण त्यावर विसंबून माणूस पाण्याची पिंपं भरून ठेवू शके. मला त्याचा अभिमान होता. कीर्तीभाईंना नव्हता.

"सर," ते मला सर म्हणायचे, चष्म्यामुळे असावं, "आपली न्यूज बहुत लेट जाते."

"खरी असते, कीर्तीभाई."

"खरी तो है. पण नीचे जाके देखो. फाफडा गरम निघतो तेव्हा लाइन लागते. दुपारी तोच फाफडा, खराच फाफडा, कोण खातंय?"

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "त्यांच्या भावाच्या दुकानात लोणचं पण मिळतं ना," ती म्हणाली, "ते आज सकाळी घातलेलं कुणी घेतं का, विचारा." हे उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं असतं तर या धंद्याचा इतिहास वेगळा झाला असता. पण मला सगळंच उशिरा सुचतं.

पुढच्या महिन्यात पडद्यावर एक मोबाइल नंबर झळकू लागला. त्यावर कुणीही एसएमएस पाठवावा, तो थेट पट्टीवर यावा. त्याला लाइव्ह म्हणत. माझं काम उरलं गाळणीचं: शिव्या काढायच्या, बाकी सगळं जाऊ द्यायचं. पहिला संदेश आला तो 'टेस्ट' असा. दुसरा आला, 'टेस्ट दिसला'. लाइव्ह बातम्यांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन ओळींत आलं असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मत बदलावं असं अजून काही घडलेलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी 'पाणी आले' हा संदेश आला.

भाईंदरमध्ये पाणी ही एकच बातमी असते, बाकी सगळं मनोरंजन. ज्यानं संदेश पाठवला त्यानं शेजारच्या इमारतीत टँकर शिरताना पाहिला होता एवढंच. पण ओळ फिरली आणि बायका बाजार सोडून घरी धावल्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोरे, मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत एका गोदामात नोकरीला. त्यांना बायकोनं फोन केला, ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि बूट न काढता नळापुढे बसले. नळातून हवा आली. मोऱ्यांनी नळाकडे असं पाहिलं, जसं काही नळच खोटं बोलतोय.

"काका, पट्टीवर आलं होतं हो!"

"नळात आलं नाही ना पण."

"तेच म्हणतोय. पट्टीवर आलं आणि नळात का नाही?"

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. आशेपोटी इमारतीत निम्म्या लोकांनी नळ उघडेच ठेवले होते. पाणी आपल्या नेहमीच्या वेळेला, कुणाला न विचारता आलं. पॅसेजमधून ओहोळ वाहत जिन्यानं खाली उतरला तेव्हा घरोघर टीव्ही चालू होते. मोऱ्यांची चादर आणि मुलीचं भूगोलाचं पुस्तक भिजलं. "आलेलं कळलंच नाही," ते म्हणाले. "पट्टीवर नव्हतं ना."

मग बिबट्या. घोडबंदरच्या बाजूला जंगल आहे, तिथे बिबटे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. एका सकाळी संदेश आला, 'घोडबंदरला बिबट्या दिसला.' इथवर ठीक. दुपारपर्यंत तो स्टेशनजवळ दिसला, मिठागरात दिसला, एका शाळेच्या भिंतीवर दिसला आणि एका लग्नाच्या हॉलमागेही दिसला. एवढं फिरणं रिक्षानंसुद्धा जमलं नसतं. आमच्या समोरच्या सोसायटीनं गेटला कुलूप लावलं, दूधवाला बाहेर अडकला, आणि आतल्या लोकांनी 'दूधवाला आलेला नाही' असा संदेश पाठवला. तोही फिरला.

संध्याकाळी ऑफिसात फोन आला. घोडबंदर गावातले एक म्हातारे गृहस्थ होते.

"त्यो बिबट्याचा तुमीच लिवलाव?"

"मी नाही. लोकांनी पाठवलंय. पण बिबट्या आहे का तिकडे?"

"हाय ना! कोन बोलतो न्हाय? आमच्याकं रोजच हाय. पन तुमच्याकं काय कराया येल त्यो? तुमच्याकं पानी पन न्हाय."

मी ही ओळ पट्टीवर टाकायची परवानगी मागितली. कीर्तीभाई नको म्हणाले. पॅनिक कमी होईल, म्हणाले.

किराणा दुकानवाल्या एका शेटजींचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पालिकेची डास मारायची धुराची गाडी त्यांच्या दुकानापुढून गेली. धूर आत शिरला, बाहेर आला, आणि कुणीतरी 'दुकानाला आग' असं पाठवलं. दहा मिनिटांत रस्त्यावर गर्दी. शेटजी गल्ल्यावर बसलेले, पाठीमागे तांदळाची पोती, सगळं जागच्या जागी. लोक विचारू लागले, "आग कुठाय?" शेटजी सांगू लागले की नाही. तेव्हा लोक चिडले. इतक्या लांबून आलो आणि आग नाही, म्हणजे या माणसानं आपल्याला फसवलं, असा एकंदर सूर. कुणी साबणाची वडीसुद्धा घेतली नाही. एकानं सुट्टे मागितले. पण घाटकोपरला राहणाऱ्या त्यांच्या म्हाताऱ्या आईपर्यंत आगीची बातमी फोनाफोनीतून पोचली, आणि ती जिना उतरताना पडली ती नंतर चालली नाही. शेटजी माझ्याकडे दुरुस्ती टाकायला आले होते. मी टाकली, दिवसभर फिरवली. 'दुकान सुखरूप आहे.' ही ओळ वाचली असं सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेखही एसएमएससारखाच व्हायचा. विस्मरण झालेले एक आजोबा घरातून निघून गेले. मुलगा रडत ऑफिसात आला. आम्ही वर्णन पट्टीवर टाकलं आणि तासाभरात संदेश आला की घोडबंदरच्या बस-थांब्यावर असे एक आजोबा बसले आहेत. ते तेच निघाले. कीर्तीभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना गरम फाफडा खिलवला आणि मीही खाल्ला. लगेच कळण्याचा उपयोग असतो. ज्याला उठून काहीतरी करायचं असतं, त्याला असतो. बाकीच्यांना ते नुसतं कळत राहतं. एखाद्या माणसाला दिवसभर कुणीतरी खांद्यावर थापट्या मारत राहावं आणि त्यानं दर वेळी वळून 'काय?' म्हणावं, तसं आमचं सगळं भाईंदर झालं होतं. संध्याकाळी मी लोकांना विचारायचो, आज एवढं कळलं, त्यातल्या कशानं तुम्ही एक पाऊल वेगळं टाकलंत? लोक म्हणायचे, "काका, पण अपडेट राहायला पाहिजे ना." कशासाठी, ते मी विचारायचो नाही. सोसायटीत राहायचं होतं.

आता म्हणे इंटरनेटवर अशा जागा निघाल्या आहेत की जिथे प्रत्येक माणूस स्वतःची पट्टी स्वतःच चालवतो. माझा भाचा सांगत होता. मी विचारलं, मग गाळणीला कोण बसतं? तो हसला.

सुमन गेली ती सकाळी, चहाच्या वेळेला. बरेच महिने अंथरुणावर होती. अनपेक्षित होतं असं म्हणता येत नाही; पण अपेक्षा असली म्हणजे तयारी असते असं नाही. आमची एकुलती एक मुलगी वृंदा मनोरला असते, जावई तिथल्या शाळेत शिक्षक आहेत. मनोरहून यायचं तर सरळ हायवेनं, खाडीवरचा वरसाव्याचा पूल ओलांडून. तिला फोन केला. "बाबा, निघतेच. मी येईपर्यंत..." एवढंच ती म्हणाली.

"थांबतो," मी म्हणालो.

थांबायचं ते नुसतं शेवटचं तोंड पाहण्यासाठी नव्हतं. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात आणि कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. सुमननं ते आधीच सांगून ठेवलं होतं, उशीला टेकून, अगदी वाण्याकडे काय सांगायचं ते सांगावं तसं. "मळवट वृंदाच भरेल हं. शेजारच्या बायका घाईत असतात, नाकावर सांडवतात. मला ते नको." तिनं माझ्याकडे आयुष्यात फार गोष्टी मागितल्या नाहीत. ही मागितली.

पट्टीवर कीर्तीभाईंनी स्वतः ओळ टाकली. सौ. सुमन नाडकर्णी यांचे निधन, अंत्ययात्रा दुपारी राहत्या घरून. अशा ओळी मी इतक्या लिहिल्या होत्या की 'राहत्या घरून' या शब्दांवर माझी नजर कधी थांबली नव्हती. दुपारपर्यंत घर, पॅसेज, जिना भरला. मोऱ्यांनी बांबू, सुतळी, मडकं सगळं आणून ठेवलं होतं. प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतो, लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारा आणि मयताला सर्वांत आधी येणारा. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं आणि आत टीव्ही चालू होता. दुःखाचा मान राखून आवाज तेवढा बंद केला होता.

पहिला संदेश मी वाचला नाही, मला मोऱ्यांनी नंतर सांगितला. 'वरसावे पुलावर ट्रॅफिक.' मग 'वरसावे पूल बंद.' मग 'पूल खचला, गाड्या परत पाठवतात.' मोऱ्यांनी मला हाताला धरून पॅसेजमध्ये नेलं.

"काका, पूल गेला."

"कुठे गेला?"

"खचला. पट्टीवर आलंय. ताई आता वाडा तालुक्यातून लांबून फिरून येणार, म्हणजे संध्याकाळ. आपण किती वेळ ठेवणार काकूंना?"

"कुणी पाहिलंय पूल खचलेला?"

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दारातच उभे होते. ते म्हणाले, "अंकल, चार-चार लोगों का मेसेज आया है."

"चारही जणांनी पट्टी वाचूनच पाठवला असेल."

"आप पढ़े-लिखे होके ऐसा बोलते हो?"

"अहो, ती पट्टी मी लिहितो!"

"वो तो ठीक है, अंकल. पर आज तो आप छुट्टी पर हो ना."

मी वृंदाचा मोबाइल लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे,' असं एक बाई शांतपणे सांगत होती. त्या दिवशी मला भेटलेली ती एकटीच, की जिला जे माहीत होतं तेवढंच ती सांगत होती.

पूल शाबूत आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. खरोखरच खचलेला असू शकत होता. आत गेलो तर एक बाई कुंकवाचा करंडा उघडून बसली होती आणि दोघी सुमनचं डोकं नीट करत होत्या. म्हणजे पॅसेजमधला निर्णय माझ्या आधी आत पोचला होता. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "नाडकर्णी, देह ताटकळत ठेवू नये. मुलगी समजून घेईल. आणि स्मशानातला नंबरही जाईल." सगळ्यांच्या माना हलल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. त्यांना फक्त कळलेलं होतं.

मी उभ्या आयुष्यात चारचौघांत आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही. मी त्या बाईंच्या हातातून करंडा घेतला, झाकण लावलं आणि तो मांडीवर घेऊन सुमनच्या उशाशी बसलो.

"वृंदा आल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही."

"अहो, पण पूल..."

"पूल राहू दे. ती येईल तेव्हा येईल. संध्याकाळ तर संध्याकाळ."

मग पुटपुटणं सुरू झालं. शोकानं माणसाचं असं होतं, वगैरे. आणि त्याच वेळी कुणीतरी, माझी खात्री आहे अगदी चांगल्या मनानं, पट्टीच्या नंबरवर संदेश पाठवून दिला. 'नाडकर्णी अंत्ययात्रा निघाली.' करंडा बंद व्हायच्या आधी पाठवला असेल, किंवा निघेलच आता, आधी कळवलेलं बरं, असं त्याला वाटलं असेल.

खाली चहाच्या टपरीवर छोटा टीव्ही आहे. सावलीला थांबलेली पुरुष मंडळी तिथे होती. त्यांनी ओळ वाचली, मागच्या गेटनं नेलं असणार असं ठरवलं, आणि रिक्षा करून खाडीकडच्या स्मशानाकडे निघाली. जाताना त्यांनी वर असलेल्यांना फोन केले. माझ्यासमोर, सुमनच्या पायांपासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या एका माणसाचा मोबाइल वाजला. त्यानं तो कानाला लावला, म्हणाला, "हो का? निघाले? बरं, आलोच," आणि सुमनला नमस्कार करून तो तिच्याच अंत्ययात्रेला गेला.

हळूहळू जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज कमी झाला. घरात बायका उरल्या, मी उरलो आणि बांबूंपाशी बसलेले मोरे.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"मी कसा जाणार? सुतळी माझ्याकडे आहे," मोरे म्हणाले. मग जरा वेळानं, "काका, एवढी माणसं चुकीचं कसं बोलतील हो?"

थोड्या वेळानं शंभू आला. कीर्तीभाईंचा लाइनमन; गच्च्यांवरून वायरी ओढणं हे त्याचं काम. आमच्या गच्चीवर आला की सुमनकडे पाणी मागायचा आणि ती त्याला पोहे द्यायची. दारात चप्पल काढून त्यानं आत पाहिलं.

"साहब, पट्टी पे तो निकल गए दिखा रहा है."

"मग तू इकडे कसा?"

"मैंने सोचा देख आऊँ. चाची तो यहीं हैं."

तो मोऱ्यांशेजारी बसला.

वृंदाची जीप आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिच्यामागून जावई वर आले, त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. मोरे आधी त्यांनाच भिडले. "पूल? कसे आलात तुम्ही?"

"पुलावरूनच. एक टेम्पो बंद पडला होता मधोमध, बराच वेळ. शेवटी आम्ही काही जणांनी ढकलून कडेला लावला," जावई म्हणाले. "का हो?"

"काही नाही," मोरे म्हणाले. "हात धुवा."

मी करंडा वृंदाच्या हातात दिला. ती आईजवळ बसली, पदरानं तिचं कपाळ पुसलं आणि मधल्या बोटानं सावकाश मळवट भरला. कडेची रेघ एकदा तिला वाकडी वाटली, ती पुसून तिनं पुन्हा ओढली. कुणी घाई करायला नव्हतंच.

पुढे आठवडाभर लोक भेटायला येत होते. त्यातले बरेचजण स्मशानात थांबून, काही दिसेना तेव्हा सगळं आटोपलं असं समजून घरी गेलेले. "अंत्ययात्रा चांगली झाली हो," ते म्हणायचे. "माणसं किती होती!" मी हो म्हणायचो. कीर्तीभाईही आले. तो संदेश कुणी पाठवला ते शोधतो, म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी नको म्हटलं. पुन्हा कामावर मात्र गेलो नाही. पट्टी माझ्याशिवाय उत्तम चालली आहे. जास्तच वेगानं चालते, असं ऐकतो.

तर त्या दुपारी. तिरडी बांधून झाली आणि मग मोऱ्यांच्या लक्षात आलं. मी अग्नी देणार, म्हणजे मडकं घेऊन पुढे चालणार. खांद्याला माणसं चार हवीत. जावई, शंभू, मोरे. तीन.

"कुणाला तरी फोन लावतो," मोरे म्हणाले. "सगळे स्मशानात आहेत."

"मी आहे ना," वृंदा म्हणाली.

मोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईनं खांदा द्यायचा नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते असतंच. एरवी ते बोलून दाखवायला त्या जिन्यात वीस-पंचवीस पुरुष असते. पण ते सगळे पुढे गेले होते, पट्टीच्या भरवशावर. या एका बाबतीत लाइव्ह बातम्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी मानतो. मघाशी ज्यांच्या हातातून मी करंडा घेतला होता, त्याच बाई उठल्या, त्यांनी वृंदाचा पदर कमरेला घट्ट खोचून दिला आणि बाजूला झाल्या.

निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून टीव्हीचे आवाज येत होते. निम्म्या वाटेवर विसावा असतो. तिथे तिरडी क्षणभर खाली ठेवतात आणि पुढचे खांदे मागे, मागचे पुढे असे बदलतात. तिथे आम्ही थांबलो तेव्हा खाडीच्या बाजूनं सात-आठजण धापा टाकत परत येताना दिसले. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ सगळ्यांच्या पुढे.

"अरे, यहाँ हो! हम उधर ढूँढ रहे थे. हटो बेटी, हम आ गए, हम लेते हैं."

"अंकल, आप पीछे से आओ," वृंदा म्हणाली आणि वाकून तिनं पुढचा बांबू धरला.

सगळे मागे झाले. मी मडकं उचललं, आणि चालायच्या आधी एकदा वळून पाहिलं. वृंदा उंचीनं तिच्या आईवर गेली आहे, चारचौघींपेक्षा बुटकीच. तिरडी तिच्या बाजूला कलत होती. तिच्या शेजारी मोरे होते, चांगले उंचेपुरे. त्यांनी एकदा तिच्या खांद्याकडे पाहिलं आणि गुडघे वाकवले. मग शंभूनं आणि जावयांनीही वाकवले. बांबू सरळ झाले, आणि पुढचा सगळा रस्ता ते तिघे तसेच, तिच्या उंचीला येऊन, चालत राहिले.